पहिले औषध कोणते? कोंडाण्यातून पाहताना

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला सीएलएल, हा रक्ताचा कर्करोग अनेकदा दुसऱ्याच कशाच्या तरी तपासणीत सापडतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी किंवा चार दिवस न उतरणाऱ्या तापासाठी सीबीसी काढली जाते आणि ११ हजारांच्या आत असायला हवा तो पांढऱ्या पेशींचा आकडा ४० किंवा ६० हजार निघतो. माणूस धडधाकट असतो, शेतात जात असतो. मग कागदावर ‘कर्करोग’ हा शब्द येतो आणि घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : यावर सगळ्यांत चांगले औषध कोणते?

या प्रश्नाची उत्तरे वैद्यकशास्त्राने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरीच चोख दिली आहेत. क्लोरॅम्ब्युसिल, फ्लुडाराबिन, बेंडामस्टिन आणि आता रोजच्या गोळ्यांची नवी औषधे एकमेकांसमोर उभी करून शेकडो रुग्णांत तपासली गेली. मात्र या तुलना प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झाल्या. कर्जत तालुक्यातल्या कोंडाण्याच्या रुग्णाला त्या जशाच्या तशा लागू पडतात का, हे कुणी फारसे विचारत नाही. (कोंडाणा म्हटले की सिंहगड आठवतो, हे कोंडाणे राजमाचीच्या पायथ्याचे, बौद्ध लेण्यांचे.) इथून परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठायचे तर आधी कर्जत स्थानक, मग सुमारे शंभर किलोमीटरच्या मार्गावरची लोकल. टाटाचेच खारघरचे अ‍ॅक्ट्रेक रस्त्याने पनवेलमार्गे. औषधांची तुलना करताना हे अंतरही तराजूत टाकावे लागते आणि ते टाकले की काही उत्तरे बदलतात.

पहिले उत्तर मात्र कुठेही बदलत नाही, आणि तेच रुग्णाला पटवणे सर्वांत अवघड असते. ते असे की, बऱ्याच जणांना निदानाच्या वेळी कोणतेच औषध नको असते. फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या गटाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एकाला लगेच क्लोरॅम्ब्युसिल दिले, दुसऱ्यावर फक्त लक्ष ठेवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : लवकर औषध दिल्याने आजाराची चाल मंदावली, पण आयुष्य वाढले नाही. सीएलएलच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना जन्मभरात कधीच उपचार लागत नाहीत. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरू लागणे, प्लीहा किंवा गाठी फार वाढणे, सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइटची संख्या दुप्पट होणे, कारण नसताना वजन उतरणे, रात्री कपडे भिजतील एवढा घाम येणे, ही औषध सुरू करण्याची कारणे. नुसता पांढऱ्या पेशींचा मोठा आकडा हे कारण नव्हे. लाखाच्या वर आकडा असलेला माणूसही वर्षानुवर्षे भातलावणी करू शकतो. तेव्हा ‘डॉक्टरांनी नुसते तीन महिन्यांनी बोलावले, औषध काहीच दिले नाही’ म्हणून दुसरीकडे धाव घेणाऱ्यांनी थोडे थांबावे. त्या डॉक्टरांनी बहुधा योग्यच केलेले असते.

औषध लागतेच असे ठरले की तुलनेचा प्रश्न येतो. या यादीतले सर्वांत जुने नाव क्लोरॅम्ब्युसिल. त्याचे मूळ युद्धात आहे. मस्टर्ड वायूने माणसाच्या पांढऱ्या पेशी नष्ट होतात हे लक्षात आल्यावर त्याच कुळातल्या रसायनांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर्करोगावर चाचणी झाली, आणि १९५०च्या दशकात त्यातून क्लोरॅम्ब्युसिलची गोळी आली. ती स्वस्त आहे, घरी घेता येते, सलाईन लागत नाही. पुढची चार दशके सीएलएलचा उपचार म्हणजे हीच गोळी, असा प्रघात होता.

तिला पहिले मोठे आव्हान फ्लुडाराबिनने दिले. अमेरिकेतल्या त्या चाचणीचे नेतृत्व कांती राय यांनी केले होते. हे राय मूळचे राजस्थानचे. सीएलएलचे टप्पे ठरवण्याची जी ‘राय पद्धत’ जगभर वापरतात ती त्यांनी १९७५ मध्ये मांडली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फ्लुडाराबिन घेतलेल्या ६३ टक्के रुग्णांचा आजार उतरला, क्लोरॅम्ब्युसिल घेतलेल्यांत ३७ टक्क्यांचा. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ २० महिने विरुद्ध १४ महिने. एकूण आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या तुलना तिच्यावर उभ्या आहेत. ‘आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ’ आणि ‘एकूण आयुष्य’ ही दोन वेगळी मापे आहेत. पहिल्या औषधाचा परिणाम सरला की रुग्ण दुसरे घेतो, आणि ते लागू पडले तर सुरुवातीचा फरक पुढे भरून निघतो. म्हणून पहिल्या मापात जिंकलेले औषध दुसऱ्या मापात बरोबरीत सुटते. यावरून ‘मग फरक काय पडतो, कोणतेही घ्या’ असे म्हणणे चूक. आजार परत येणे म्हणजे पुन्हा तपासण्या, पुन्हा खेपा, पुन्हा बुडालेली मजुरी. आणि हा बरोबरीचा सामना एका गृहीतकावर अवलंबून आहे : दुसऱ्या वेळी दुसरे औषध मिळेल. जर्मनीतल्या रुग्णाला ते मिळतेच. कोंडाण्यातल्या रुग्णाला मिळेलच असे नाही, म्हणून त्याच्यासाठी पहिल्या औषधाची निवड अधिक मोलाची ठरते.

फ्लुडाराबिनचा विजय सर्वांसाठी नव्हता, हेही लवकरच कळले. जर्मन गटाने ६५ वर्षांवरच्या १९३ रुग्णांत हीच तुलना केली. २००९ मध्ये आलेला निकाल : आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ १९ महिने विरुद्ध १८ महिने. म्हणजे फरक नाहीच. फ्लुडाराबिन शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंड करते आणि वयाबरोबर मूत्रपिंडाची ताकद कमी होते. शिवाय हे औषध संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींनाही बराच काळ खाली आणते. तरुणाला जे पेलते ते म्हाताऱ्याला पेलेलच असे नाही.

त्याच वर्षी बेंडामस्टिनचा निकाल आला. हे औषध १९६०च्या दशकात पूर्व जर्मनीत तयार झाले आणि भिंत पडेपर्यंत पश्चिमेला त्याची फारशी दखल नव्हती. क्लोरॅम्ब्युसिलशी थेट तुलनेत बेंडामस्टिन घेतलेल्या ६८ टक्के रुग्णांचा आजार उतरला, क्लोरॅम्ब्युसिलच्या गटात ३१ टक्क्यांचा; आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ जवळपास २२ महिने विरुद्ध ८ महिने. हा फरक लहान नव्हे. भारतातल्या रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हे औषध आता भारतीय कंपन्या बनवतात आणि २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ते नव्याने समाविष्ट झाले.

खरा पालट झाला तो प्रतिपिंडाच्या जोडीने. रिटुक्सिमॅब हे सीएलएलच्या पेशीवरच्या एका खुणेला चिकटणारे औषध. फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइडला त्याची जोड दिली की होणारा ‘एफसीआर’ हा त्रिकूट-उपचार. ८१७ रुग्णांच्या जर्मन चाचणीत, २०१० मध्ये, तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण रिटुक्सिमॅबसह ८७ टक्के आणि त्याविना ८३ टक्के होते. आकडा छोटा वाटेल, पण सीएलएलच्या पहिल्या उपचारात आयुष्य वाढल्याचा असा पुरावा पहिल्यांदाच मिळाला. भारतात रिटुक्सिमॅबची स्वस्त आवृत्ती २००७ मध्येच डॉ. रेड्डीजने बाजारात आणली होती, त्यामुळे हा शोध इथल्या सरकारी रुग्णालयांच्या आवाक्याबाहेर राहिला नाही.

मग एफसीआर की बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅब? २०१६ मध्ये आलेल्या चाचणीत एफसीआरने सुमारे ५५ महिने आजार रोखला, बेंडामस्टिनच्या जोडीने सुमारे ४२ महिने. पण गंभीर संसर्ग एफसीआरच्या गटात ३९ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात २५ टक्क्यांना. ६५ वर्षांवरच्या रुग्णांत आजार रोखण्यातला फरक ठोस राहिला नाही, संसर्गातला मात्र राहिला. एकूण आयुष्य दोन्हींत सारखेच.

हे आकडे कर्जतच्या पावसाळ्यात आणून पाहावेत. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेल्या असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर काही तासांत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. ज्या रुग्णालयांत ही चाचणी झाली तिथल्या रुग्णांच्या दारात तासाभरात रुग्णवाहिका येते. कोंडाण्यात जुलैच्या रात्री ताप आला तर आधी वाहन शोधायचे, मग कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून गरज पडल्यास पुढे. भातखाचरात उभे राहणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसची भीती असतेच; क्षयरोगही आपल्याकडे घरोघरचा पाहुणा. शिवाय फ्लुडाराबिन घेतलेल्या रुग्णाला रक्त चढवायचे झाले तर ते किरणोत्सर्ग दिलेलेच द्यावे लागते, आणि अशी सोय तालुक्याच्या गावी नसते. फेऱ्यांचा हिशेबही आहे. एफसीआरची सहा आवर्तने, प्रत्येकी तीन दिवस : १८ दिवस. बेंडामस्टिनच्या जोडीची सहा आवर्तने, प्रत्येकी दोन दिवस : १२ दिवस. मधल्या रक्ततपासण्या वेगळ्या, आणि सोबत येणाऱ्याचीही तेवढीच मजुरी बुडणार. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णाला प्रवास करता येतो, पण उलटी दाबून दादर ते कर्जत हा दोन तासांच्या आसपासचा प्रवास म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत सीएलएलच्या निदानाचे वय साठीच्या आसपास दिसते, पाश्चात्य देशांत ते सत्तरीजवळ. म्हणजे आपला रुग्ण वयाने तरुण, म्हणून एफसीआरला योग्य, असे पुस्तकी गणित मांडता येते. ते सावधपणे मांडले पाहिजे. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या साठीतल्या रुग्णासाठी बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅब हे केमोतले अधिक शहाणपणाचे पहिले पाऊल ठरते. एफसीआर राखून ठेवावे ते तरुण, धडधाकट आणि विशिष्ट जनुकीय ठेवणीच्या रुग्णांसाठी. या ठेवणीला ‘आयजीएचव्ही म्युटेटेड’ म्हणतात, आणि ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातल्या अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा आजार एफसीआरनंतर बारा वर्षांनीही परतला नव्हता. सहा महिन्यांच्या उपचाराने बारा वर्षे. जनुकीय अहवाल हातात असेल तर तरुण रुग्णासाठी हा सौदा वाईट नाही. आणि क्लोरॅम्ब्युसिल एकटे? ते फार वृद्ध, इतर आजारांनी थकलेल्या, दुसरे काहीच न पेलणाऱ्या रुग्णासाठी. केवळ स्वस्त आणि सोपे म्हणून साठीतल्या धडधाकट शेतकऱ्याच्या हाती ती गोळी देणे म्हणजे त्याची बोळवण करणे होय. ती गोळी सोपी म्हणतात तेवढी सोपीही नाही. फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि वाडी-पाड्यावर फ्रिज प्रत्येक घरात नसतो.

या सगळ्या तुलनेला छेद देणारी एक गोष्ट आहे, आणि कर्जत-खालापूरच्या रुग्णाचे सर्वाधिक नुकसान तिच्यामुळे होऊ शकते. केमोची ही सारी औषधे पेशीच्या डीएनएला इजा करतात. इजा झालेली पेशी स्वतःला संपवते, आणि ‘आता संप’ हा हुकूम देणारे प्रथिन म्हणजे पी-५३. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. तो तुकडा गळाला असेल किंवा जनुकात बिघाड असेल, तर केमोने इजा होते पण हुकूम सुटत नाही, पेशी जगते. पहिल्या उपचाराच्या वेळी ५ ते १० टक्के रुग्णांत सतराव्या गुणसूत्राचा हा तुकडा गळालेला असतो. वर उल्लेखलेल्या ८१७ जणांच्या चाचणीत अशा रुग्णांपैकी तीन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले जेमतेम १८ टक्के होते, आणि तेही त्रिकूट-उपचार घेऊन. म्हणजे या रुग्णांसाठी एफसीआर बरे की बेंडामस्टिन, हा वादच निरर्थक आहे. त्यांना केमो देऊच नये.

त्यांच्यासाठी नवी औषधे आहेत. इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब यांसारख्या गोळ्या सीएलएलच्या पेशीला जगवणारा निरोपच अडवतात. व्हेनेटोक्लॅक्स पी-५३ला वळसा घालून पेशीला मरणाकडे ढकलते. अमेरिका-युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत आता केमोला पहिल्या रांगेत जवळपास जागा उरलेली नाही. या सूचना वाचताना मात्र एक पथ्य पाळावे : नव्या औषधाची कुस्ती कोणत्या मल्लाशी लावली होती, हे आधी पाहावे. २०१५ मध्ये गाजलेल्या चाचणीत इब्रुटिनिबच्या गटात दोन वर्षांनी ९८ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ८५ टक्के. दुसरा गट होता एकट्या क्लोरॅम्ब्युसिलचा. आणि त्या गोळीला प्रतिपिंडाची जोड दिली तर आयुष्य वाढते, हे वर्षभर आधीच प्रसिद्ध झाले होते. चाचणी आखली तेव्हा हे निष्कर्ष यायचे होते, हे खरे. पण जाहिरातीत आकडा येतो, मल्लाचे नाव येत नाही. २०१८ मध्ये ६५ वर्षांवरच्या रुग्णांत इब्रुटिनिबची गाठ बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबशी पडली. दोन वर्षांनी आजार न वाढलेले ८७ टक्के विरुद्ध ७४ टक्के. एकूण आयुष्यात ठोस फरक नाही. पुढच्या वर्षी सत्तरीपर्यंतच्या रुग्णांत इब्रुटिनिब-रिटुक्सिमॅबने एफसीआरला आयुष्याच्या मापातही मागे टाकले : तीन वर्षांनी ९८.८ टक्के विरुद्ध ९१.५ टक्के. म्हणजे नवी औषधे सरस आहेत, पण किती सरस हे रुग्णागणिक बदलते.

शिवाय इब्रुटिनिबसारखी गोळी सहा महिन्यांत संपत नाही. ती आजार दबून आहे तोवर रोज, वर्षानुवर्षे घ्यायची असते. पैसे संपले म्हणून ती मध्येच सुटली तर आजार डोके वर काढतो. हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तदाब वाढणे, रक्तस्राव हे तिचे त्रास; तपासणीला जावेच लागते, पण सलाईनच्या खेपा वाचतात. कोंडाण्याच्या रुग्णासाठी घरी घेण्याची गोळी हे तसे वरदानच, फक्त तिचा खर्च दहा वर्षे कोण करणार, हे पहिल्या दिवशी ठरलेले हवे. दोन आवर्तनांपुरती देणगी जमवून ती सुरू करणे धोक्याचे. व्हेनेटोक्लॅक्सचा उपचार वर्षभरात थांबवता येतो, पण सुरुवातीचे पाच आठवडे मात्रा हळूहळू वाढवत वारंवार रक्त तपासावे लागते. तेवढे दिवस मुंबईत किंवा खारघरला राहण्याची सोय लागते.

प्रश्न अखेर पैशाच्या रांगेत येतो, आणि इथे रायगडला एक जुना हक्क आहे. आजची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. आता तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आहे. अशा योजनांचा स्वभाव असा की, त्या औषधाच्या पॅकेजला मंजुरी देतात. औषध लागू पडेल का, हे सांगणाऱ्या चाचणीकडे त्यांचे तेवढे लक्ष नसते. सीएलएलमध्ये हा क्रम उलटा हवा. सतराव्या गुणसूत्राची फिश चाचणी आणि टीपी-५३ जनुकाची तपासणी यांचा अहवाल जोडल्याशिवाय केमोच्या पॅकेजला मंजुरीच देऊ नये, आणि त्या तपासण्यांचा खर्च योजनेनेच करावा. या तपासण्या न करता सहा आवर्तने देऊन वाया घालवणे सरकारला महाग पडते आणि रुग्णाला त्याहून महाग. नव्या औषधांच्या किमतीबाबतही हात टेकण्याचे कारण नाही. टाटा स्मारकच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरच्या रुग्णालयांसाठी कर्करोगाच्या ४० औषधांची एकत्रित बोली लावली, तेव्हा खर्चात ८२ टक्के बचत झाली. सीएलएलच्या रोजच्या गोळ्या राज्याने याच मार्गाने घ्याव्यात, किमान पी-५३ बिघडलेल्या रुग्णांसाठी. त्यांची संख्या थोडी आहे. भारतात सीएलएल मुळातच पाश्चात्य देशांच्या तुलनेत बराच कमी आढळतो.

रुग्णाच्या घरच्यांनी पहिल्या आवर्तनाआधी डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच : उपचार आत्ता सुरू करण्याचे कारण काय, सतराव्या गुणसूत्राची तपासणी झाली का, आणि रिटुक्सिमॅब देणार असाल तर हिपॅटायटिस-बी तपासला का, कारण दबलेला हा विषाणू त्या औषधाने उसळू शकतो. आजार परतून दुसरा उपचार सुरू करायची वेळ आली तर गुणसूत्राची तपासणी पुन्हा करावी लागते. पहिल्या वेळी नसलेला बिघाड मधल्या काळात आलेला असू शकतो. यासाठी बहुधा हाडातला मगज काढावा लागत नाही, हातातून घेतलेले रक्त पुरते. कर्जतमध्ये घेतलेली रक्ताची नळी कुरिअरने मुंबईच्या प्रयोगशाळेत जाऊ शकते. तेवढ्यासाठी रुग्णाला लोकल पकडावी लागू नये.